प्रायमरी आणि कॉकस : डेलिगेटांच्या हिशेबातील फरक

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे दोन्ही पक्ष राज्याराज्यांतून कौल घेतात. प्रायमरी आणि कॉकस या कौल घेण्याच्या दोन पद्धती. कौल मतांत मोजला जातो, पण उमेदवारी मिळते ती पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात जमणाऱ्या प्रतिनिधींच्या, म्हणजे डेलिगेटांच्या बळावर. मतांचे डेलिगेट कसे करायचे याचे नियम राज्यागणिक आणि पक्षागणिक बदलतात. त्यामुळे एकाच राज्यात, त्याच दोन उमेदवारांमध्ये, प्रायमरीचा निकाल एक आणि कॉकसचा दुसरा असेही घडते. टेक्सासमध्ये तर ते एकाच दिवशी घडले.

तो दिवस ४ मार्च २००८. डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांची अटीतटीची झुंज चालू होती. टेक्सासचा रिवाज असा, की दिवसभर प्रायमरीचे मतदान करायचे आणि संध्याकाळी सात वाजता केंद्रे बंद झाली की सव्वासातला त्याच भागातल्या कॉकसला हजर राहायचे. तिथे हजेरीच्या कागदावर आपले नाव आणि पसंतीचा उमेदवार लिहून सही करायची. प्रायमरीत मत दिलेल्यालाच रात्री बसता येई. या दुहेरी प्रकाराला तिथल्या एका नाचावरून ‘टेक्सास टू-स्टेप’ म्हणत. प्रायमरीत २८ लाखांहून अधिक मते पडली, क्लिंटन यांना सुमारे ५१ टक्के आणि ओबामांना ४७ टक्के. त्यातून डेलिगेट मिळाले अनुक्रमे ६५ आणि ६१. कॉकसमध्ये मात्र ओबामांनी ३८ नेले आणि क्लिंटन यांच्या वाट्याला २९ आले. बेरीज केली तर ओबामा ९९, क्लिंटन ९४. मतदानात जिंकलेल्या उमेदवाराला राज्यातून कमी डेलिगेट मिळाले.

यात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. प्रायमरीतल्या चार टक्क्यांच्या आघाडीचे चारच डेलिगेट का झाले, याचे उत्तर कॉकसमध्ये नाही. टेक्सासचे डेमोक्रॅट डेलिगेट राज्य सिनेटच्या ३१ मतदारसंघांत वाटतात. कोणत्या मतदारसंघाला किती हे तिथे आधीच्या निवडणुकांत पक्षाला किती मते पडली यावर ठरते. ऑस्टिनच्या मतदारसंघाला आठ डेलिगेट होते, तर दक्षिणेतल्या, क्लिंटन यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या हिस्पॅनिक वस्तीच्या मतदारसंघांना त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. शिवाय चार डेलिगेटांच्या मतदारसंघात ६० टक्के मते मिळाली तरी वाटणी दोन-दोनच होते. तिसरा डेलिगेट हवा तर साडेबासष्ट टक्क्यांच्या वर जावे लागते. तीन डेलिगेटांच्या मतदारसंघात मात्र ५१ टक्क्यांवर दोन-एक असा निकाल लागतो. सम-विषमाच्या या खेळात कुठे जिंकलात हे किती मतांनी जिंकलात याहून मोलाचे ठरते. त्याच वर्षी जानेवारीत नेवाडाच्या कॉकसमध्ये क्लिंटन ५१ विरुद्ध ४५ टक्क्यांनी जिंकल्या, तरी डेलिगेट ओबामांना १३ आणि त्यांना १२ मिळाले. तिथे तर प्रायमरी नव्हतीच.

कॉकसचा स्वतःचा परिणाम ओळखायचा तर आधी तिथे कोण येऊ शकते हे पाहावे. प्रायमरी म्हणजे गुप्त मतदान. दिवसभरात केव्हाही जा, अनेक राज्यांत तर पोस्टानेही पाठवा. कॉकस ही बैठक असते. वेळ ठरलेली, उशीर झाला तर दार बंद. आयोवातली डेमोक्रॅटिक कॉकस जुन्या पद्धतीने चाले तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत रात्री सातला शाळेच्या व्यायामशाळेत किंवा चर्चच्या तळघरात माणसे जमत. आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभी राहत. डोकी मोजली जात. ज्याच्या कोपऱ्यात १५ टक्केही भरले नाहीत त्याच्या माणसांना इकडे या, आमच्याकडे या असे शेजारीपाजारीच ओढत, आणि मग दुसरी मोजणी होई. तासदीड तास सहज जाई. रात्रपाळीची परिचारिका, दुकानात कामावर असलेला माणूस, तान्हे मूल घरी असलेली आई, बर्फात पाय घसरण्याची धास्ती असलेले आजोबा हे सगळे या मोजणीबाहेर. येतात ते हौशी, वेळ असलेले, उमेदवारावर जीव टाकणारे. ज्याची संघटना घरोघरी जाऊन अशी माणसे बाहेर काढते त्याचे फावते. कोपऱ्यांत बरोबरी होऊन डेलिगेट अडला तर आयोवात नाणे उडवत, नेवाडात पत्त्यांच्या कॅटमधून पान ओढत. लास व्हेगासच्या राज्याला ते शोभतेही.

मतदारसंख्येतली ही तफावत डेलिगेटांच्या भावात उतरते. ५ फेब्रुवारी २००८ ला न्यू जर्सीच्या प्रायमरीत ११ लाखांवर डेमोक्रॅटिक मते पडली. क्लिंटन जिंकल्या आणि ५९ विरुद्ध ४८ अशी ११ डेलिगेटांची आघाडी त्यांना मिळाली. त्याच दिवशी आयडाहोच्या कॉकसला जेमतेम २१ हजार माणसे आली. तिथे ओबामांनी १५ विरुद्ध ३ असे १२ डेलिगेट जास्त घेतले. एवढ्या लहान राज्याने न्यू जर्सीची कमाई पुसून टाकली. ओबामांच्या चमूने छोट्या कॉकस राज्यांत आधीपासून माणसे पेरली होती. क्लिंटन यांच्या चमूने त्यांकडे दुर्लक्ष केले, आणि ते त्यांना महागात पडले.

तरी न्यू जर्सी आणि आयडाहो ही दोन वेगळी राज्ये. खरी कसोटी तेच राज्य आणि तेच उमेदवार असताना लागते. ती संधी वॉशिंग्टन राज्याने २०१६ मध्ये दिली. २६ मार्चला, शनिवारी सकाळी, डेमोक्रॅटिक कॉकस झाल्या. सुमारे २ लाख ३० हजार लोक आले आणि क्लिंटन यांचे त्या वर्षीचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांना जवळजवळ ७३ टक्के पाठिंबा मिळाला. १०१ पैकी ७४ डेलिगेट त्यांचे, २७ क्लिंटन यांचे. दोन महिन्यांनी, २४ मे रोजी, राज्य सरकारने पोस्टाने प्रायमरी घेतली. तिच्यात ८ लाखांच्या आसपास मते पडली आणि क्लिंटन सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी जिंकल्या. नेब्रास्कातही तसेच झाले. मार्चच्या कॉकसमध्ये सँडर्स, मेच्या प्रायमरीत क्लिंटन. दोन्ही प्रायमरींतून पक्षाने एकही डेलिगेट दिला नाही. ते कॉकसमध्ये आधीच वाटून झाले होते.

हे आकडे सँडर्सविरोधक फार आवडीने सांगत. पण जिच्यावर डेलिगेट अवलंबून नाहीत अशा प्रायमरीत उमेदवार पैसा ओतत नाहीत, कार्यकर्ते दारोदार फिरत नाहीत, आणि तोवर शर्यतीचे चित्रही बदललेले असते. म्हणून ७३ वरून ४८ पर्यंतची सगळी घसरण कॉकसच्या माथी मारणे बरोबर नाही. बराचसा भाग मात्र तिचाच, हे पुढे दिसले. २०२० मध्ये वॉशिंग्टनने डेलिगेट प्रायमरीवर सोपवले आणि तिथे जो बायडन थोड्या फरकाने का होईना, सँडर्स यांच्या पुढे गेले.

रिपब्लिकन पक्षाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे काही राज्ये पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला सगळेच डेलिगेट देतात. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या प्रायमरीत डोनाल्ड ट्रम्प यांना ४६ टक्क्यांच्या आत मते पडली आणि ९९ च्या ९९ डेलिगेट मिळाले. कॉकसमधले नमुनेदार उदाहरण आयोवाचे, ३ जानेवारी २०१२ चे. त्या रात्री मिट रॉमनी आठ मतांनी जिंकल्याचे जाहीर झाले. पुढे फेरतपासणीत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. आणि ऑगस्टमध्ये टँपाच्या अधिवेशनात आयोवाच्या २८ पैकी २२ डेलिगेटांनी मत दिले ते तिसऱ्या आलेल्या रॉन पॉल यांना! रिपब्लिकन कॉकसमध्ये कोपरे नव्हते, चिठ्ठ्या होत्या, आणि त्यांची मोजणी तेव्हा कोणालाच बंधनकारक नव्हती. चिठ्ठी टाकून बहुतेक लोक घरी गेले. पॉल यांची माणसे मागे थांबून काउंटीच्या, म्हणजे राज्यातल्या स्थानिक विभागाच्या, अधिवेशनासाठी निवडून आली, मग मतदारसंघाच्या, मग राज्याच्या, आणि शेवटी डेलिगेट झाली. २०१६ पासून रिपब्लिकन पक्षाने अशी मोजणी डेलिगेटांना बंधनकारक केली.

२०१६ नंतर डेमोक्रॅट बहुतांशी प्रायमरीकडे वळले. टेक्सासचा टू-स्टेपही त्या वर्षीपासून बंद झाला. आयोवाने २०२० पर्यंत तग धरला. त्या वर्षी निकाल कळवण्याचे अॅप कोलमडले, आणि आकडे लागले तेव्हा मते सँडर्स यांची जास्त, पण डेलिगेट पीट बुटिजेज यांचे १४ आणि सँडर्स यांचे १२.

नेवाडात २०२४ मध्ये तर दोन्ही पद्धती दोन दिवसांच्या अंतराने झाल्या. राज्याच्या कायद्याने ६ फेब्रुवारीला प्रायमरी झाली. रिपब्लिकन पक्षाने ती मानली नाही, ८ तारखेला आपली कॉकस घेतली, आणि प्रायमरीत उतरणाऱ्याला कॉकसची दारे बंद केली. निकी हेली प्रायमरीत उभ्या राहिल्या. ट्रम्प यांचे नाव त्या मतपत्रिकेवर नव्हते, पण नेवाडात १९७५ पासून आपल्याकडच्या ‘नोटा’सारखा ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आहे. भारतात तो आला २०१३ मध्ये. या पर्यायाने सुमारे ६३ टक्के मते घेऊन हेली यांना हरवले. राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर जो लोम्बार्डो यांनी तर आपण प्रायमरीत तेच बटण दाबणार आणि कॉकसमध्ये ट्रम्पना पाठिंबा देणार, असे आधीच सांगून टाकले होते. दोन दिवसांनी ट्रम्प यांनी कॉकसमध्ये ९९ टक्के मते आणि सगळे २६ डेलिगेट घेतले.