आधी कचऱ्याची गाडी, मग साहेबांची

एखादी महापालिका प्रदूषण कमी करायला निघाली की विजेवरची पहिली गाडी बहुधा साहेबांच्या वाट्याला येते. पांढरीशुभ्र मोटार, हिरवी नंबरप्लेट, फोटो. मुंबईतही जुन्या गाड्या बदलाव्या लागणारच आहेत, कारण १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी एप्रिल २०२३ पासून रद्द होऊ लागली आहे. नव्या सरकारी गाड्या विजेवरच्याच घ्याव्यात, ही दिशा राज्याच्या २०२१ च्या धोरणाने दिलेली आहे. खरा प्रश्न आहे तो क्रमाचा. माझं मत सरळ आहे: सुरुवात कॉम्पॅक्टरपासून, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाडीपासून करावी.

साहेबांची मोटार दिवसाला ४० किलोमीटर फिरली तर तीनेक लिटर इंधन खाईल. कचऱ्याचा मोठा कॉम्पॅक्टर त्याच वेळात २५ लिटर डिझेल सहज पितो असं समजू. अंतर फार नसतं, पण ते कापलं जातं गल्लीबोळातून, दर पन्नास पावलांवर थांबत. शिवाय कचरा दाबणारा हायड्रॉलिक पंप गाडीच्या इंजिनवरच चालतो. म्हणजे गाडी जागची हलत नसतानाही इंजिन गुरगुरत असतं.

थोडं गणित करू. रिकामी आणि भरलेली यांच्या मधलं, १२ टन वजन धरा. ही गाडी ताशी २० किलोमीटर वेगात असताना तिच्यात सुमारे १८५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. दिवसाला असे ३०० थांबे धरले तर सुमारे १५ युनिट ऊर्जा झाली. डिझेल इंजिन इंधनातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं, म्हणून ती १५ युनिटं मिळवायला पाचेक लिटर डिझेल जळतं. निव्वळ ब्रेक तापवायला पाच लिटर!

विजेच्या गाडीत वेग कमी करताना मोटर उलटी जनित्राचं काम करते आणि ऊर्जा बॅटरीत परत भरते. सगळी नाही, निम्मी मिळाली तरी खूप झाली. थांबल्यावर मोटर शून्य वीज खाते. हायवेवर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या ट्रकला हा फायदा फारसा मिळत नाही. मिळतो तो नेमका धारावीच्या, गिरगावच्या गल्लीतल्या गाडीला.

नव्या डिझेल गाड्या स्वच्छ असतात, हा आक्षेप येईल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराचे नवे, कडक निकष पाळणाऱ्या) गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी असते, हे खरं. पण गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकायला धूर साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर भार घेऊन धावणाऱ्या ट्रकला ते जमतं. रांगत चालणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापतच नाही, गाळणी तुंबत जाते आणि मग गाडी उभी करून, इंजिन जोरात चालवून ती साफ करावी लागते.

आणि त्या धुराजवळ कोण असतं? डबे ओढणारे सफाई कामगार. दिवसभर, गाडीच्या मागेच.

आता वीज येते कुठून, हे टाळून चालणार नाही. देशातली वीज अजून मुख्यतः कोळशावर बनते आणि एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २५ लिटर डिझेलचा हिशोब ६७ किलोच्या आसपास होतो. तेच काम विजेवर करायला ६५ ते ७० युनिटं लागतील असं धरलं तर ४८ किलो. म्हणजे बचत तीसेक टक्के, ‘शून्य उत्सर्जन’ नव्हे. ग्रीडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढेल तसा हा आकडा सुधारेल, तोही तीच गाडी वापरून. डिझेलच्या गाडीला ती सोय नाही. गल्लीतला धूर ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघाला तर शेजारच्या माहुलकरांना काय वाटेल, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच.

मग डिझेलऐवजी सीएनजी का नको? तो मुंबईला नवा नाही. काजळीच्या बाबतीत तो डिझेलपेक्षा खूपच बरा. पण तो म्हणजे बहुतांश मिथेन, आणि न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापदायक. याच वायूची दुसरी बाजू जास्त रंजक आहे. आपल्या कचऱ्यात ओला भाग भरपूर, आणि तो कुजवून मिथेन मिळवण्याचं ‘निसर्गऋण’ तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राचंच, म्हणजे ट्रॉम्बेचंच. इंदूरने २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेणारा प्रकल्प सुरू केला, त्यातून दिवसाला सतराएक टन बायो-सीएनजी अपेक्षित होता. लांब पल्ल्याच्या डंपरना हे इंधन शोभतं. अट एकच, ओला-सुका वेगळा हवा. तिथेच आपलं घोडं अडतं.

चार्जिंगची भीती जरा फुगवलेली आहे. ३० गाड्यांचं गॅरेज घ्या. सगळ्या गाड्या एकदम ६० किलोवॅटच्या चार्जरला लावल्या तर १,८०० किलोवॅट भार येईल आणि नवं उपकेंद्रच मागावं लागेल. पण गाडीमागे ७० युनिटं म्हणजे एकूण २,१००. रात्रीच्या सात तासांत पाळीपाळीने भरली तर ३०० किलोवॅट पुरतात. दोन्ही पाळ्यांत धावणाऱ्या गाड्यांना हा हिशोब लागू नाही, त्यांना दुपारचं चार्जिंग लागेलच.

पावसाळ्याचं काय? आयपी६७ दर्जाची बॅटरी मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते, आणि हवेच्या वाटेने पाणी ओढून बंद पडायला इंजिनच नाही. खाऱ्या हवेत गंजणारे कनेक्टर आणि कचऱ्यातून गळणारं आंबट पाणी यांची मला जास्त काळजी वाटते.

निर्णय खरा अडतो तो निविदेत. कचरा वाहणाऱ्या गाड्यांचा मोठा हिस्सा कंत्राटदारांचा असतो आणि ही कंत्राटं अनेक वर्षांची असतात. आज डिझेलची अट घातली की पुढच्या दशकातही तीच गाडी गल्लीत येणार. उलट सगळं कंत्राटदारावर सोपवण्यातला धोका बेस्टने पाहिला आहे: भाड्याच्या बस पुरवणारे काही जण मध्येच बाहेर पडले आणि प्रवासी थांब्यावर ताटकळले. म्हणून चार्जर आणि वीजजोडणी तरी पालिकेच्या मालकीची असावी.

यादीत सर्वांत शेवटी मी अग्निशमन दलाचे बंब ठेवीन. ते वर्षात थोडेच किलोमीटर धावतात, त्यामुळे वाचणारं डिझेल किरकोळ. आणि आग लागली की पाण्याचा पंप त्याच इंजिनवर तासन् तास चालवावा लागतो.