बुडालेला कोळी स्वेटरवरून ओळखायचे? नाही हो

विणकामाच्या ग्रुपवर दर थंडीत ही गोष्ट फिरतेच, की इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे कोळी जे गान्सी स्वेटर घालायचे त्यात प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असायची, म्हणजे माणूस बुडून वाहत आला तरी स्वेटर बघून घरचे ओळखणार. ऐकायला भारी वाटतं, पण घराण्याच्या विणीला पुरावा नाही.

गान्सी म्हणजे काय, तर घट्ट पीळाची निळी लोकर आणि टाके मुख्यतः दोनच, सुलट आणि उलट. एक सुलट एक उलट घ्या, पुढच्या ओळीत सुलट दिसेल त्यावर उलट आणि उलटावर सुलट, झाली साबुदाणा वीण! चौकोन, शिडी, बाण सगळं यातूनच निघतं, मग असलं डिझाइन एका घरापुरतं राहील कसं? त्यात हेरिंग मासे साफ करणाऱ्या मुली बोटींच्या मागे स्कॉटलंडपासून पार इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या यारमथपर्यंत जायच्या, हातात सुया असायच्याच, एकमेकींचं बघून विणायच्या.

या समजुतीला बळ मिळालं ते बहुतेक आयरिश नाटककार सिंजच्या 1904 च्या ‘रायडर्स टू द सी’ नाटकामुळे. ते आयर्लंडच्या अरान बेटांवरचं, आणि त्यात बहीण बुडालेल्या भावाचं जे ओळखते ते स्वेटर नाहीच, मोजा! 60 टाके घातलेले, त्यातले 4 सुटलेले, म्हणजे स्वतःची चूक ओळखली बाईने.

हां, काही गान्सींवर खालच्या पट्टीच्या वर मालकाची आद्याक्षरं मात्र खरंच विणलेली असायची.