गीरच्या सिंहांचा आजार आणि जपून ठेवलेलं रक्त

१२ सप्टेंबर २०१८ पासून तीन आठवड्यांत गीर पूर्व विभागाच्या दलखाणिया रेंजमध्ये २३ सिंह दगावले. आधी कारण सांगितलं गेलं ते आपसातल्या झुंजीचं. गीरमध्ये हे कारण सहज पटतं. नवा नर आला की बछडे मारतो, जखमी सिंह झुडपात जाऊन मरतो, हे तिथल्या वनरक्षकांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. पण मृतदेह वाढत गेले तसे नमुने बाहेर पाठवले गेले. त्यातले काही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आले आणि तिथून उत्तर मिळालं: कॅनाइन डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा आजार. पुढे पिंजऱ्यात आणलेल्या प्राण्यांचीही तपासणी झाली. संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार ६८ सिंह आणि ६ बिबट्यांच्या नमुन्यांत हा विषाणू आढळला.

हा विषाणू नवा नाही. फ्रेंच पशुवैद्य आंरी कारे यांनी १९०५ मध्येच दाखवून दिलं होतं की कुत्र्यांच्या या रोगाचं कारण जिवाणूही अडवणाऱ्या गाळणीतून पार होतं, म्हणजे ते जिवाणूपेक्षा लहान आहे. माणसाचा गोवर, गुरांची बुळकांडी आणि शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर हे याच घराण्यातले. तरीही मार्जारकुळाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण घरच्या मांजराला विषाणू टोचला तरी ते आजारी पडत नसे. मांजराला होत नाही म्हणजे वाघ-सिंहालाही होत नाही, असं धरून चाललं गेलं. एखाद्या वाघाला झटके आले तर संशय विषावर, रेबीजवर किंवा डोक्याच्या इजेवर जायचा. ज्या रोगाची चाचणीच कुणी मागत नाही, तो कागदावर येणार कसा?

१९९२ मध्ये कॅलिफोर्नियात पिंजऱ्यातले सिंह, वाघ, बिबटे याच रोगाने मेले. पण सगळ्यांना खडबडून जाग आली ती १९९४ मध्ये, टांझानियातल्या सेरेंगेटीत. गरम हवेच्या बलूनमधून सफर करणाऱ्या पर्यटकांना खाली एक सिंह झटके देत तडफडताना दिसला. वर्ष सरेपर्यंत सेरेंगेटी-मारा परिसरातल्या सुमारे ३,००० सिंहांपैकी अंदाजे १,००० सिंह गेले होते. जगल्या-वाचलेल्या सिंहांपैकी बहुतेकांच्या रक्तात डिस्टेंपरची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, सापडली. उद्यानाच्या कडेच्या गावांतल्या हजारो कुत्र्यांकडे बोट दाखवलं गेलं.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सेरेंगेटीत वर्षानुवर्षं सिंहांचं रक्त काढून गोठवून ठेवलं जात होतं. ते पुन्हा बाहेर काढून तपासल्यावर कळलं की डिस्टेंपर आधीही तिथल्या सिंहांमध्ये फिरून गेला होता, आणि सिंह मेले नव्हते. मग १९९४ मध्येच का मेले? त्याआधी दुष्काळ पडला होता. उपाशी, खंगलेल्या रानम्हशींवर गोचिडी मातल्या आणि त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांच्या रक्तात गोचिडीतून येणारा बबेसिया हा परजीवी प्रचंड वाढला. डिस्टेंपर रोगप्रतिकारशक्ती खाली आणतो आणि बबेसियाला मोकळं रान मिळतं. हे २००८ मध्ये मांडलं गेलं, तेही जुन्या बाटल्यांतल्या रक्ताच्या आधारे. गीरच्या २३ मृत्यूंतही विषाणूच्या जोडीला गोचिडीने येणाऱ्या संसर्गाची नोंद झाली, हे इथे मुद्दाम सांगायला हवं.

स्वित्झर्लंडमध्येही असंच झालं. तिथल्या प्राणिसंग्रहालयांत १९७२ ते १९९२ या काळात मेलेल्या ४२ सिंह-वाघांचे ऊतींचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत पडून होते. नंतर त्यांचे पातळ काप काढून विषाणूची प्रथिनं रंगवली गेली, तेव्हा १९ जणांत डिस्टेंपर निघाला. रशियाच्या अतिपूर्वेला २००३ मध्ये एक वाघीण पोक्रोवका गावात चालत आली. माणसांचं भय गेलेली, आजूबाजूचं भान हरपलेली. पकडल्यानंतर काही आठवड्यांनी ती मेली आणि तपासणीत डिस्टेंपर सापडला. तिथल्या वाघांवर पुढे झालेल्या कामातून असंही दिसलं की विषाणू फक्त गावच्या कुत्र्यांत राहत नाही, रानातल्या लहान मांसभक्षकांतही टिकतो. म्हणजे कुत्र्यांना लस टोचली की वाघ सुरक्षित झाले, असं होत नाही.

आपल्याकडेही इशारे मिळाले होते. २००७ मध्ये मेलेल्या गीरच्या एका सिंहाच्या ऊतींत शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआरचा विषाणू सापडल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात मोकाट कुत्र्यांचं रक्त तपासलं, तर बहुतेकांना डिस्टेंपर होऊन गेलेला. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोत नेण्याचा आदेश दिला, त्यामागेही एकाच जागी असलेली सगळी संख्या साथीत सापडण्याची भीती होती. २०१५ च्या गणनेत ती संख्या ५२३ होती.

चाचण्या दोन तऱ्हेच्या आणि दोन्ही वेगळं सांगतात. रक्तातली प्रतिपिंडं सांगतात की विषाणू कधीतरी येऊन गेला. डोळ्यांतल्या-नाकातल्या स्रावाच्या स्वॅबवर केलेली आरटी-पीसीआर सांगते की तो आत्ता शरीरात आहे. बेशुद्ध केलेल्या सिंहाची खालची पापणी ओढून कापसाची काडी फिरवायची, नळीत घालून झाकण लावायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायची, एवढंच ते काम. पण बर्फ वाटेत वितळला तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि प्राणी मात्र आजारीच असतो. २०१८ मध्ये अमेरिकेहून ३०० लशी मागवून सिंहांना टोचायला सुरुवात झाली. जीव वाचवायला तो निर्णय समजण्यासारखा होता, पण अशा सिंहाच्या रक्तात प्रतिपिंडं दिसली की ती रोगाची की लशीची, हे साध्या चाचणीतून सांगता येत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केलं ते बर्ड फ्लूचं, एच५एन१. प्राणी पिंजऱ्यात होते म्हणून शव ताजं मिळालं. ताडोब्याच्या उन्हात मेलेला वाघ तिसऱ्या-चौथ्या दिवशी सापडतो तेव्हा मेंदूचं पाणी झालेलं असतं. मग पंचनामा, शवविच्छेदन आणि अवयवांची तस्करी होऊ नये म्हणून तिथेच दहन. विषाच्या तपासणीसाठी व्हिसेरा, म्हणजे आतले अवयव, मिठाच्या पाण्यात जातो, सूक्ष्मदर्शकासाठी तुकडे फॉर्मॅलिनमध्ये. विषाणूसाठी फुप्फुसाचा, प्लीहेचा, मेंदूचा तुकडा बर्फावर वेगळा काढावा लागतो, आणि तो चिता पेटण्याआधीच काढावा लागतो.