ना-नफा संस्थांची सायबर सुरक्षा आणि संगणकीय साहाय्य

सामाजिक, शैक्षणिक, वैद्यकीय किंवा मानवतावादी कामासाठी चालणाऱ्या, नफा वाटून न घेणाऱ्या संस्थांची संगणकयंत्रणा सुरळीत ठेवणे आणि तिच्यातली माहिती, पैसा व माणसे यांना घुसखोरी, फसवणूक आणि पाळत यांपासून जपणे, या दोन्ही कामांचा या विषयात समावेश होतो. मोठ्या कंपन्यांत ही दोन खाती बहुधा वेगळी असतात. लहान संस्थेत ती एकाच्याच गळ्यात पडतात आणि तो पुष्कळदा पगारी तंत्रज्ञही नसतो. हिशेब पाहता पाहता प्रिंटर दुरुस्त करणारा कार्यकर्ता, सुट्टीच्या दिवशी येणारा स्वयंसेवक, नाहीतर एखाद्या विश्वस्तांचा संगणक शिकलेला मुलगा, असे कुणीतरी ते सांभाळत असते. म्हणून इथे सुरक्षेचा विचार मदतनिसापासून सुरू करावा लागतो. ‘माझा पासवर्ड चालत नाही’ म्हणून ज्याला फोन लावायचा, त्यालाच ‘हा ईमेल जरा विचित्र वाटतो’ असेही सांगता येते. पहिला फोन लावायलाच कुणी नसेल, तर दुसरा कधी लागत नाही.

‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न संस्थांच्या बैठकीत हमखास निघतो. पहिले उत्तर पैसा. अनुदानाची मोठी रक्कम एकदम येते आणि ती दूरच्या, नव्या पुरवठादारांना टप्प्याटप्प्याने द्यायची असते. ठगाला एवढे पुरते. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेच्या अमेरिकी शाखेत २०१७ मध्ये एका कर्मचाऱ्याचे ईमेल खाते परक्याच्या हाती गेले. त्यावरून पाकिस्तानातल्या आरोग्य केंद्रांसाठी सौर पॅनेल घेतल्याची खोटी बिले पाठवली गेली आणि सुमारे १० लाख डॉलर भलत्याच खात्यात जमा झाले. विम्यामुळे बहुतेक रक्कम भरून निघाली, तरी १ लाख १२ हजार डॉलरचा फटका बसलाच. फिलाडेल्फियातील फिलाबंडन्स ही अन्नपेढी २०२० मध्ये सामुदायिक स्वयंपाकघर बांधत होती. चोरांनी बांधकाम कंपनीचे खरे ईमेल अडवून त्यांच्या जागी स्वतःचे बिल सरकवले आणि संस्थेने सुमारे ९ लाख २३ हजार डॉलर त्यांच्या खात्यात भरले.

दोन्ही घटनांत कुलूप तोडण्यापेक्षा कामाची रीत ओळखण्यावर चोरांची मदार होती. ती रीत ओळखायला फार कष्टही पडत नाहीत. वार्षिक अहवाल, पदाधिकाऱ्यांची नावे, चालू प्रकल्प आणि देणाऱ्यांची यादी संस्था स्वतःच जाहीर करते, किंबहुना तिने तसे करावे अशी अपेक्षा असते. देणगीदाराचा विश्वास मिळवून देणारी पारदर्शकताच बनावट पत्र लिहिणाऱ्याला मजकूर पुरवते. यावर माहिती लपवणे हा उपाय नाही. बँक खाते बदलल्याचा कोणताही निरोप आला, की जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची आणि दोघांच्या संमतीशिवाय मोठी रक्कम सोडायची नाही, एवढा नियम पाळला तर फारसा खर्च न होता बरेच टळते.

पैशाशीच निगडित, पण कमी बोलला जाणारा प्रकार देणगीच्या पानावर घडतो. चोरलेल्या कार्डांपैकी कोणती अजून चालू आहेत हे तपासण्यासाठी गुन्हेगार अगदी किरकोळ रकमेच्या देणग्या देत सुटतात. देणगीला बहुधा किमान मर्यादा नसते, काही घरपोच पाठवायचे नसते, पत्ताही पुष्कळदा विचारला जात नाही. अशी सोय दुकानात मिळत नाही. संस्थेला एका रात्रीत शेकडो देणग्या आल्याचा आनंद होतो आणि मग परताव्याचे दावे, बँकेचे दंड यांची रांग लागते.

दुसरे उत्तर माहिती, आणि इथेच हा विषय व्यापारी सुरक्षेपासून वेगळा होतो. दुकानाचा ग्राहक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. आश्रय मागणारी बाई, हरवलेल्या मुलाचा बाप, उपचार घेणारा रुग्ण यांना माहिती द्यायची की नाही हे ठरवण्याची मुभा नावापुरतीच असते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या सर्व्हरवरील घुसखोरी १८ जानेवारी २०२२ रोजी लक्षात आली, तेव्हा हल्लेखोर ९ नोव्हेंबर २०२१ पासून, म्हणजे ७० दिवस, आत असल्याचे निष्पन्न झाले. युद्ध, आपत्ती किंवा स्थलांतरात ताटातूट झालेल्या कुटुंबांना एकत्र आणण्याच्या कामातल्या ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी त्या सर्व्हरवर होत्या. त्या जगभरातल्या किमान ६० राष्ट्रीय रेड क्रॉस व रेड क्रिसेंट संस्थांकडून आल्या होत्या. पासवर्ड व्यवस्थापनाच्या एका सॉफ्टवेअरमधली त्रुटी दूर करणारी दुरुस्ती उपलब्ध असूनही ती वेळेत बसवली गेली नव्हती. मोठी तंत्रज्ञ मंडळी पदरी असलेल्या संस्थेची ही गत, तर तीन खोल्यांच्या कचेरीत अपडेटची सूचना महिनोन्महिने ‘नंतर’वर ढकलली जाते यात नवल नाही.

माहिती स्वतःच्या घरात असतेच असेही नाही. देणगीदारांच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या ब्लॅकबॉड या अमेरिकी कंपनीत २०२० च्या फेब्रुवारीत घुसखोर शिरला आणि मे महिन्यात सापडला. कंपनीने २४ बिटकॉइन खंडणी दिली आणि १३ हजारांहून अधिक ग्राहकसंस्थांना जुलैत कळवले. बँक खात्यांचे तपशील सुरक्षित आहेत, हे तिचे आधीचे म्हणणे पुढे खोटे ठरले. अमेरिकी रोखे नियामकाने २०२३ मध्ये तिला ३० लाख डॉलर दंड केला. त्याच वर्षी ४९ राज्ये आणि राजधानीचा जिल्हा यांच्याशी ४ कोटी ९५ लाख डॉलरची तडजोड झाली. मात्र देणगीदारांना माफीची पत्रे लिहिण्याची वेळ आली ती संस्थांवर. लोकांनी विश्वास ठेवला होता तो संस्थेवर. सॉफ्टवेअर कुणाचे, हे त्यांना ठाऊकही नव्हते.

तिसरे कारण पाळत. मानवी हक्क, निर्वासित, पत्रकारिता अशा क्षेत्रांतल्या संस्थांच्या मागे सरकारी पाठबळाचे हेर लागतात. दलाई लामांच्या कार्यालयांतील संगणकांपासून सुरू झालेल्या तपासातून २००९ मध्ये ‘घोस्टनेट’ हे जाळे उघडकीस आले. टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब या संशोधन केंद्राचा या तपासात मोठा वाटा होता. १०३ देशांतले १,२९५ संगणक या जाळ्याने पोखरले होते. घातक फाइली ईमेलला जोडून येत, आणि त्या ओळखीच्या कार्यकर्त्याच्या नावाने व त्यालाच शोभेल अशा विषयाच्या असत. तिबेटी चळवळीने यावर काढलेला तोडगा दाद देण्याजोगा आहे. आसक्तीला आणि ईमेलला जोडलेल्या फाइलीला इंग्रजीत एकच शब्द आहे, ‘अटॅचमेंट’. ‘आसक्ती सोडा’ या बौद्ध शिकवणीतल्या या शब्दावर श्लेष साधून तिने ईमेलला फाइली जोडणेच सोडायला लोकांना शिकवले. शंभर पानी धोरणापेक्षा असा एक विनोद माणसांच्या जास्त लक्षात राहतो.

या सगळ्या दुबळेपणाचे मूळ तंत्रज्ञानात कमी आणि हिशेबाच्या पद्धतीत जास्त आहे. देणगीदार औषधाला, पुस्तकाला, विहिरीला पैसे देतो. संगणकाची देखभाल ‘प्रशासकीय खर्चा’त मोडते आणि तो रकाना जितका लहान तितकी संस्था चांगली, असा समज रूढ आहे. मग जुने लॅपटॉप दान म्हणून स्वीकारले जातात. ते फुकट वाटतात, पण ज्यांना आता अपडेट मिळत नाहीत अशा प्रणालींवर चालतात. प्रकल्प संपतो, पैसा संपतो, संकेतस्थळ मात्र वाऱ्यावर तसेच राहते. संकेतस्थळाचे नाव एखाद्या माजी स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर नोंदवलेले असते आणि नूतनीकरणाची मुदत टळल्यावर ते जुगाराच्या जाहिरातवाल्याकडे जाते. काम सोडून गेलेल्यांची खाती वर्षानुवर्षे उघडी असतात. तीनशे लाभार्थ्यांची एक्सेल यादी आठ जणांच्या फोनवर फिरत असते. यातले काहीच हल्ल्याच्या बातमीत येत नाही; हल्ला यशस्वी होतो तो याच्याच जोरावर.

उपायांची प्राथमिक यादी छोटी आहे आणि तिच्यावर फारसा वाद नाही. ईमेल आणि बँकेच्या खात्यांना दुहेरी पडताळणी, पासवर्ड व्यवस्थापक, आपोआप होणारे अपडेट, माणूस गेला त्याच दिवशी त्याचे खाते बंद करणे आणि मूळ यंत्रणेपासून तुटक ठेवलेला बॅकअप, इतक्याने सुरुवात होते. बॅकअप अधूनमधून परत उघडून पाहावा लागतो. न तपासलेला बॅकअप ही केवळ आशा असते. आपल्या नावाने दुसऱ्याने ईमेल पाठवू नये यासाठी संस्थेच्या इंटरनेटवरील नावावर, म्हणजे डोमेनवर, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी कराव्या लागतात. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी या संस्थेने केलेल्या सुरक्षा-उपायांच्या यादीच्या ८ व्या आवृत्तीतला पहिला गट पाहावा. त्यात ५६ बाबी आहेत आणि तो लहान संघटनांना डोळ्यासमोर ठेवूनच केलेला आहे. मात्र सर्वांत स्वस्त उपाय कोणत्याही यंत्रात नसतो: लागत नसलेली माहिती मागायचीच नाही. ओळखपत्राची प्रत नुसती ‘असू द्या’ म्हणून घेतली, की तिची राखण जन्मभर करावी लागते.

साहाय्याच्या व्यवस्था अनेक आहेत. सान फ्रान्सिस्कोत १९८७ मध्ये कॉम्प्युमेंटर या नावाने सुरू झालेली टेकसूप ही संस्था कंपन्यांचे दान किंवा सवलतीचे सॉफ्टवेअर संस्थांपर्यंत पोहोचवते. मोठ्या मदतसंस्थांनी २००१ मध्ये नेटहोप हा संघ उभा केला. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीचा प्रोजेक्ट गॅलिलिओ हा उपक्रम २०१४ पासून जोखमीतल्या संकेतस्थळांना फुकट संरक्षण देतो. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा स्वतःच एका ना-नफा संस्थेकडून चालवली जाते; तिच्यामुळे २०१५ नंतर संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारे प्रमाणपत्र विनामूल्य मिळू लागले. अ‍ॅक्सेस नाऊ ही संस्था कार्यकर्त्यांसाठी चोवीस तास मदतवाहिनी चालवते. जिनिव्हातली सायबरपीस इन्स्टिट्यूट कंपन्यांतल्या तज्ज्ञ स्वयंसेवकांची संस्थांशी गाठ घालून देते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थीच संस्थांच्या सायबर सुरक्षेची तपासणी करतात. कायद्याच्या महाविद्यालयांत चालणाऱ्या मोफत सल्लाकेंद्रांचाच हा संगणकी अवतार.

फुकटाची मर्यादाही ओळखावी. मायक्रोसॉफ्टने १० जणांपर्यंत मोफत दिलेली बिझनेस प्रीमियम ही ईमेल व कार्यालयीन सॉफ्टवेअरची सेवा १ जुलै २०२५ पासून नूतनीकरणाच्या वेळी बंद करायला सुरुवात केली. सवलत उरली, पण अंदाजपत्रकात शून्य लिहिलेल्या ओळीत एकाएकी आकडा भरावा लागला. स्वयंसेवकाचेही तसेच: तो उत्साहाने नवी यंत्रणा बसवून जातो आणि सहा महिन्यांनी ती कुणालाच उघडता येत नाही. म्हणून अनेक संस्था एकत्र येऊन एखादा तंत्रज्ञ वाटून घेतात किंवा मासिक शुल्कावर बाहेरची सेवा लावतात. करार करताना यंत्रणेच्या मुख्य चाव्या संस्थेकडे राहतील, हे लिहून घेणे दरापेक्षा महत्त्वाचे ठरते.

समाजसेवी म्हणून चोर दया करतील, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. डार्कसाइड या खंडणीखोर टोळीने २०२० मध्ये लुटीतला थोडा भाग बिटकॉइनच्या रूपात दोन धर्मादाय संस्थांना ‘दान’ केला. चोरीचा पैसा ठेवून घेता येत नसल्याने तो त्या संस्थांना अडचणीचाच ठरला. डिसेंबर २०२२ मध्ये टोरांटोच्या सिककिड्स या मुलांच्या रुग्णालयावर हल्ला झाल्यावर लॉकबिट या खंडणीखोर टोळीने माफी मागून, संगणकांतल्या माहितीला घातलेले कुलूप उघडणारे साधन फुकट दिले. तोपर्यंत जवळपास दोन आठवडे गेले होते.

हल्ला झाल्यावर यंत्रे सावरण्याबरोबर आणखी एक काम उरते: ज्यांची माहिती गेली त्यांना सांगणे. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय डेटा संरक्षण नियमावलीनुसार धोका संभवणारी घटना नियामकाला ७२ तासांत कळवावी लागते. नियामकाला अर्ज भरून पाठवता येतो. ज्याच्याकडे ईमेल नाही, पत्ता पक्का नाही, त्याला कसे कळवायचे? रेड क्रॉसने फोन केले, पत्रे पाठवली, जाहीर सूचना काढल्या, आणि काही ठिकाणी दुर्गम वस्त्यांपर्यंत माणसे पाठवून ही बातमी समोरासमोर सांगितली.