एक लॉगिन, अख्खा धंदा

ईमेल, हिशेब, ग्राहकांची यादी, करारांच्या फायली. लहान व्यवसायाचा हा सगळा पसारा आता क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या दुसऱ्याच्या संगणकांवरच्या, तीन-चार खात्यांत मावतो. या खात्यांचे दार बहुधा एका ईमेल पत्त्याने आणि एका पासवर्डने उघडते. धंद्याची मालमत्ता राखण्यासाठी ही व्यवस्था कोणी आखलेली नव्हती. ती दुसऱ्याच कामासाठी जन्मली आणि सोय म्हणून इथवर चालत आली.

1961 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. संगणक एकच, त्याला जोडलेली टर्मिनल्स अनेक आणि प्रत्येकाला वाटून दिलेला वेळ. कोणाच्या फायली कोणत्या आणि कोणी किती वेळ वापरला हे वेगळे राहावे, म्हणून पासवर्ड आला. सहकाऱ्यांतला हिशेब ठेवण्यापुरतेच ते कुलूप होते, आणि ते वर्षभरही टिकले नाही. 1962 मध्ये ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याचे 4 तास पुरेनात. पासवर्डची फाइल छापून हवी, अशी विनंती त्याने पंचकार्डावर करून टाकली. यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली.

त्याच प्रणालीतला दुसरा प्रसंग मला अधिक बोलका वाटतो. दोघे व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करत बसले होते. एक होती रोजच्या सूचनेची, दुसरी पासवर्डची. संपादनाच्या प्रोग्रामने दोघांच्या तात्पुरत्या फाइलला एकच नाव दिले, फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड उमटू लागले. यात चोर कोणीच नव्हता. क्लाउडमधल्या कित्येक भानगडी आजही याच जातीच्या असतात.

माणसे पासवर्ड कसे निवडतात हेही फार लवकर कळले होते. 1979 मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणक प्रणालीवरचे 3,289 पासवर्ड तपासले, तेव्हा 86 टक्के फार छोटे किंवा सहज ओळखता येण्याजोगे निघाले.

मग हे सगळे क्लाउडवर आले. ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी सेल्सफोर्स 1999 मध्ये सुरू झाली, ॲमेझॉनची एस3 ही साठवणीची सेवा मार्च 2006 मध्ये आली, त्याच वर्षी गुगलने कंपन्यांसाठी आपले ईमेल खुले केले आणि 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टचे ऑफिस 365 आले. त्याआधी ऑफिसात सर्व्हर असे, आणि तो सांभाळणारा कोणीतरी असे, मग तो आठवड्यातून एकदाच का फिरकेना. आता मालक स्वतःच कार्डाने पैसे भरून दहा मिनिटांत खाते उघडू लागला. पहिले खाते ज्याचे, तो आपोआप सर्वाधिकारी. त्याच लॉगिनने तो रोजची पत्रे वाचू लागला आणि घाईच्या वेळी तोच पासवर्ड दोघा-तिघांना सांगू लागला. करारात मात्र सेवा देणाऱ्यांनी आपली हद्द आखून घेतली होती: इमारत, यंत्रे आणि वायरिंग आमचे, आत कोणाला घेता आणि काय उघडे ठेवता, ते तुमचे. याला ‘सामायिक जबाबदारी’ म्हणतात. नाव मोठे गोड आहे, पण मोठ्या कंपनीत तिचा आपला वाटा उचलायला एक अख्खा विभाग असतो. चार माणसांच्या धंद्यात तो कोणाच्याच टेबलावर नसतो.

याची सर्वांत कडू गोष्ट कोड स्पेसेसची. इतरांचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सांभाळून ठेवणारी ही लहान कंपनी ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालत होती. जून 2014 मध्ये तिची सेवा कोलमडावी म्हणून तिच्यावर आधी बनावट मागण्यांचा लोंढा सोडण्यात आला. कंपनीचे लोक तो थोपवण्यात गुंतले असताना, हल्लेखोर सगळी क्लाउड खाती जिथून चालवतात त्या कंट्रोल पॅनलच्या आत असल्याचे लक्षात आले. त्याने खंडणीसाठी निरोप ठेवले होते. कंपनीने पासवर्ड बदलले, पण त्याने आधीच स्वतःसाठी जादा लॉगिन करून ठेवले होते. आपल्याला हुसकावले जात आहे हे दिसताच तो हाताला येईल ते पुसत सुटला. डिस्क, त्यांच्या प्रती, एस3 मधल्या फायली, सगळ्यांवर हात फिरला. 12 तासांत बहुतेक डेटा आणि बॅकअप अंशतः किंवा पूर्ण नाहीसे झाले होते. कंपनी बंद पडली.

बॅकअप नव्हते असे नाही, होते. पण ज्या पॅनलमधून मूळ डेटा पुसता येत होता, त्याच पॅनलमधून त्यांच्यापर्यंतही हात पोहोचत होता. तिजोरी आणि तिची नक्कल एकाच किल्लीने उघडत असेल तर तिला नक्कल का म्हणावे? मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून खाक झाली, तेव्हा हाच धडा आगीने दिला. ‘क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आहेच’ असे धरून चाललेल्या अनेक ग्राहकांचा डेटा परत आला नाही.

चोरांची बाकी वाट याहून सोपी राहिली आहे. 2012 मध्ये ड्रॉपबॉक्स या फायली साठवणाऱ्या सेवेच्या एका कर्मचाऱ्याचा दुसऱ्या साइटवरही वापरलेला पासवर्ड चोरांच्या हाती लागला आणि त्यांना आत शिरता आले. त्या घुसखोरीची व्याप्ती 2016 मध्ये कळली: 6 कोटी 80 लाखांहून अधिक खाती. एका जागी फुटलेला पासवर्ड दुसऱ्या जागी लावून बघणे हा तेव्हापासून यंत्रांनी करायचा घाऊक धंदा झाला आहे.

उपाय नवे नाहीत. पासवर्डच्या जोडीला कोड मागण्याची सोय गुगलने 2010 मध्ये आधी कंपन्यांना आणि 2011 मध्ये सगळ्यांना दिली. एसएमएसचा कोड दुसऱ्याच्या नंबरचे नवे सिम काढून पळवता येतो हे दिसल्यावर ॲपमधले कोड, मग संगणकाला जोडायच्या यूएसबी किल्ल्या आणि 2022 पासून पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी मोबाइल किंवा संगणकात ठेवलेली डिजिटल किल्ली, असा हा प्रवास झाला. पासकी खऱ्या साइटशी बांधलेली असते, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ती चालतच नाही. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची जुनी सक्तीही अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 मध्ये मोडीत काढली. लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवत होते.

पण दुसरा कोड असणे आणि तो सुरू असणे यांत वर्षे गेली. सोय सेटिंगमध्ये पडून राहायची. इथे माझे मत स्पष्ट आहे: लहान धंद्यांना वाचवले ते जनजागृतीच्या पोस्टरांनी नव्हे, मूळ सेटिंग बदलल्याने. मायक्रोसॉफ्टने 2019 पासून नव्या ग्राहकांसाठी लॉगिनचा हा दुसरा टप्पा आपसूक लागू करायला सुरुवात केली. सेल्सफोर्सने फेब्रुवारी 2022 पासून तो करारात सक्तीचा केला. एस3 वरच्या फायली चुकून जगाला दिसत राहण्याचे प्रकार अनेक वर्षे गाजले, तेव्हा कुठे ॲमेझॉनने एप्रिल 2023 पासून नव्या साठ्यांचे दार मुळातच बंद ठेवले. उलट 2024 मध्ये कंपन्यांचा डेटा साठवणाऱ्या स्नोफ्लेकच्या अनेक ग्राहकांचा डेटा गेला, तो चोरलेल्या पासवर्डांनी. त्या खात्यांवर दुसरा टप्पा लावलेलाच नव्हता.

सेवा देणाऱ्या घरमालकाने अशी हळूहळू कुलपे बसवून दिली, तरी एक वही भाडेकरूकडेच राहिली आहे. कोण कधी कामावर आला, कोण कधी सोडून गेला आणि मुख्य खाते परत मिळवायचा कोड कोणाच्या मोबाइलवर जातो, हे सेवा देणाऱ्याला बाहेरून दिसत नाही. तो नंबर पुष्कळदा खाते उघडताना जो समोर बसला होता त्याचाच असतो, आणि त्या माणसाने नोकरी सोडल्याला कधीकधी तीन वर्षे झालेली असतात.