कोलिस्टिन, कोंबडीखाद्य आणि २०१९ ची बंदी

मातीतले जिवाणू शेजाऱ्यांना रोखायला जी रसायने सोडतात, त्यांतलेच एक कोलिस्टिन हे प्रतिजैविक. जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळाले. माणसांवरचा वापर १९५० च्या दशकातला. मूत्रपिंड आणि मज्जातंतूंना इजा होते म्हणून १९७० च्या दशकात डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले. जनावरांच्या खाद्यात मात्र ते राहिले. पुढे कार्बापेनेम या ताकदवान प्रतिजैविकांनाही दाद न देणारे जिवाणू आयसीयूत आले, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून तेच जुने औषध परत काढावे लागले.

तोवर पोल्ट्रीत ते रुळले होते. पिल्लांचे पोट बिघडू नये, वजन लवकर भरावे म्हणून ते खाद्यात किंवा पाण्यात मिसळले जाई. शेडमध्ये अंथरलेल्या तुसात विष्ठा साचते, बॅच गेल्यावर तेच कोंबडखत शेतात पडते. म्हणजे औषध सोसून उरलेले जिवाणू शेडबाहेर पडायला वाट तयारच.

२०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांना डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही एमसीआर-१ हे जनुक सापडले. ते जिवाणूच्या बाह्य आवरणावरचा ऋणभार कमी करते, त्यामुळे धनभारित कोलिस्टिन तिथे नीट चिकटत नाही. खरी धास्ती अशी, की जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-कड्यावर आहे. ते पुढच्या पिढीची वाट पाहत नाही, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाते.

आपल्याकडे बंदी आली जुलै २०१९ मध्ये: अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांसाठी कोलिस्टिन बनवणे, विकणे, वितरण करणे बंद. वाद इथेच आहे. बंदीने वाढीसाठीचा वापर आणि उपचार यांत फरक केला नाही, त्यामुळे आजारी कळपासाठीही दार बंद झाले. ही तक्रार खरी आहे. पण वाढीसाठी, प्रतिबंधासाठी की उपचारासाठी, हे शेडमध्ये कोण ठरवणार? पाण्यात औषध टाकले की ते सगळ्याच कोंबड्या पितात. सवलत ठेवली असती तर तिच्याच नावाखाली जुनी विक्री चालू राहिली असती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भारतीय रुग्णालयांतल्या क्लेबसिएला या जिवाणूचा कोलिस्टिन-प्रतिकार बहुतांशी एमसीआरमुळे नसतो, एमजीआरबी या गुणसूत्रावरच्या जनुकातल्या बिघाडामुळे असतो, आणि तो बिघाड असलेले जिवाणू रुग्णालयातल्या कोलिस्टिन-वापरामुळेच तगून वाढतात. तेव्हा सगळे खापर पोल्ट्रीवर फोडणे चूकच. मात्र त्यामुळे खाद्यातला वापर निर्धोक ठरत नाही. चीनने २०१७ मध्ये कोलिस्टिन खाद्यातून काढल्यावर डुकरांत आणि माणसांतही एमसीआर-१ चे प्रमाण घटले. औषधाचा दाब गेला की असे जनुक बाळगणे जिवाणूला बरेचदा महागच पडते.

एमसीआर-१ असलेल्या काही प्लाझ्मिडवर इतर प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकेही असतात. ती प्रतिजैविके शेडमध्ये चालू राहिली, तर त्यांच्या आधाराने एमसीआरही टिकू शकते, कोलिस्टिन असो वा नसो.