ठाण्याचे चार हुतात्मे आणि परदेशातली कबर

सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनासाठी ठाण्याहूनही भाविक गोव्याला जातात. मागचं दर्शन २०२४च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०२५च्या जानेवारीत संपलं. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारलेल्या या संताचा देह आधी मलाक्काला आणि १५५४ मध्ये गोव्याला आला. आज तो बॉम जेझूस बॅसिलिकात आहे. संगमरवरी समाधी फ्लोरेन्सच्या फॉज्जिनीने घडवली, १६९८ मध्ये ती तिथे उभी राहिली. हे सगळं बहुतेकांना ठाऊक असतं. पण झेवियर भारतात यायच्या २२१ वर्षं आधी आपल्या खाडीकाठी जे घडलं, ते ठाणेकरांनाच फारसं माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

१३२१ साली इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरातून निघालेले चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले ख्रिस्ती साधू, ठाण्याला उतरले. तोलेंतीनोचा टोमासो, पादुआचा जाकोमो, सिएनाचा पिएत्रो आणि तिफ्लिसचा देमेत्रिओ. त्यांना जायचं होतं दक्षिणेला, जहाज लागलं इथे. तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरं होती. म्हणजे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी इथे ख्रिस्ती माणसं नांदत होती. त्यांतल्याच एका घरी हे उतरले. त्या घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उगारला, बायको काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या पाहुण्यांचं नाव घेतलं. काझीपुढे गोष्ट धर्मावर गेली, वाद पेटला. जाकोमोला आगीत टाकलं, तो न भाजता बाहेर आला, असं वृत्तांत सांगतो. शेवटी ९ एप्रिलला तिघांना मारलं. पिएत्रो त्या वेळी घरीच राहिला होता. दोन दिवसांनी त्यालाही मारलं.

त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस हा डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या एका ख्रिस्ती संघाचा, साधू तेव्हा भडोचकडे होता. बातमी कळताच तो परतला आणि त्याने अस्थी सोपाऱ्याला नेऊन सेंट थॉमसच्या चर्चमध्ये पुरल्या. आपलं नालासोपारा, तेच हे सोपारा. पुढे त्याला कोल्लमचा बिशप नेमलं.

अस्थी तिथेही राहिल्या नाहीत. थोड्याच काळाने पोर्देनोनेचा ओदोरिको हा प्रवासी फ्रान्सिस्कन साधू आला. ठाण्यात कुत्र्याएवढे उंदीर असतात, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, असं त्याने सांगून ठेवलंय. आपल्याकडची घूस ज्याने पाहिलीय, त्याला ही थाप वाटणार नाही. ओदोरिकोने अस्थी वस्त्रात गुंडाळल्या आणि कोल्लममार्गे थेट चीनच्या झैतून बंदरात, आजच्या छ्वानझौमध्ये, फ्रान्सिस्कन मठात पोचवल्या. वाटेत वारा पडला तेव्हा एक हाड समुद्रात सोडलं आणि शिडं भरली, ही आठवणही त्याचीच.

तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च या घटनेनंतर पुष्कळ काळाने, पोर्तुगीज अमलात उभं राहिलं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं, पुढे इंग्रज आले, चर्च आजही नांदतं आहे. पण ठाण्याच्या हुतात्म्यांची कबर इथे नाही. टोमासोला रोमने १८९४ मध्ये धन्य म्हणून, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, मान्यता दिली. झैतूनचा बिशप आंद्रेआ याने मात्र १३२६च्या जानेवारीतच घरी पत्र लिहिलं होतं: भारतात आपले चार बंधू मारले गेले, त्यांतला एक दोनदा आगीत टाकूनही भाजला नाही.